नमुना सत्तावन्न

अल नहदाच्या आमच्या खोलीत
पाच खाटा आणि सात बायका.
आधी एकेकीला एकेक खाट मिळाली,
मग उरल्या दोघी.
त्या ज्यांच्या खाटेवर निजतात त्यांची पाळी उलटी असावी लागते:
मारिवीक रात्रपाळीची नर्स,
तिनं सोडलेल्या उशीवर
दिवसभर काउंटरमागं उभी राहिलेली बिनीता.
एका खाटेवर दोघी,
समोरासमोर फक्त शुक्रवारी.

चाळीसगावला भामरे सरांनी हुंडचा नियम फळ्यावर लिहिला
तेव्हा मागून कुणी ओरडलं, "सर, हुंड्याचा?"
वर्ग हसला. मीही हसले.
त्या साली माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं,
मीच मोडलं होतं.
नियम कळला तो इथं, शारजात,
भाड्याचा हिशेब करताना:
कोबाल्टचे सात इलेक्ट्रॉन, घरं पाच,
दोन जोड्या, तीन एकटे.
चुंबकाकडं ओढ असते ती एकट्यांमुळं.
माझी खाट खिडकीजवळची. एकटीची.

काचेच्या पेटीत आर्गॉन.
आमच्या पुस्तकात त्याला राजवायू म्हणत,
कुणाशी सोयरीक नाही, कुणाचं देणं नाही.
पेटीला जडवलेल्या काळ्या हातमोज्यांत
मी खांद्यापर्यंत हात घालते.
आत अजून शम्माच्या हाताची ऊब असते,
कधी तिच्या अत्तराचा वास.
मला हवा असतो पाच हात धरलेला कोबाल्ट,
सहावी जागा रिकामी.
एवढंच. तीन वर्षं एवढंच.
एक जागा रिकामी ठेवायची.

बाहेर ऑगस्ट.
दार उघडलं की चष्मा आंधळा होतो,
काचांना बाहेरून घाम फुटतो.

छप्पन्न नमुने:
कधी तेल, कधी तपकिरी साका,
एकदा नुसता डिंक.
भाऊ फोनवर म्हणतो,
"तिकडं लोक पैसे कमवायला जातात गं."
मी म्हणते, "हो."
तो विचारतो, "नक्की करतेस काय तू?"
मी म्हणते, "स्फटिक यायची वाट बघते."
पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.

बाबिकर सर खार्टूमचे.
त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेबद्दल ते बोलत नाहीत,
फक्त निघताना कुलूप दोनदा ओढून बघतात.

ईदच्या सुट्टीत सत्तावन्न खिडकीच्या कट्ट्यावर राहिला.
विसरले. खरं सांगायचं तर कंटाळले होते.
सहाव्या दिवशी पाहते तो
बुचाला केसाएवढी चीर,
आणि तळाशी, बाटली तिरकी केल्यावर,
एक कण चमकला.
एकच. तांदळाच्या कणीएवढा.
हवा होता हिरवा.
हा गुलाबी.

रात्रभर क्ष-किरणांखाली तो फिरत राहिला.
पहाटे पडद्यावर एकेक अणू जागेवर येऊन बसला:
कोबाल्ट, त्याचे पाच हात,
आणि सहाव्या जागेवर
एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन.
पाणी.
मी कुणाला न बोलावता ठेवलेल्या जागेवर
आखातातलं उकाड्याचं पाणी
चिरेतून येऊन बसलं होतं.

शम्मा म्हणाली, "सॉरी."
सर चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेले.
रागावतील वाटलं.
त्यांनी विचारलं, "अंतर किती?"
"दोन पूर्णांक शून्य नऊ अँगस्ट्रॉम."
"घट्ट आहे," ते म्हणाले,
आणि चहा आणायला गेले,
या वेळी कुलूप न लावता.

वहीत मी लिहिलं. रंग: गुलाबी. कारण:
इंग्रजी शब्द आठवेना, झोप आलेली,
मराठीतच लिहिलं, ओल.
शम्मानं ते अक्षर बोटानं गिरवलं,
"कसं म्हणायचं हे?"
"ओल."
"ओल," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळू,
तोंडात धरून बघावं तसं.

अठ्ठावन्नच्या बुचाला दुहेरी फीत गुंडाळली.
सत्तावन्न फेकला नाही.
खोलीवर आले तेव्हा मारिवीक ड्यूटीवरून नुकती टेकली होती,
बिनीता जागी होऊन
तिच्यासाठी उशी उलटी करत होती,
थंड बाजू वर.